संचालन-प्रणाली आणि वापरणाऱ्याचे स्वातंत्र्य

रायपूर शहराच्या जुन्या वस्तीत सदर बाजार ही सराफांची पेठ आहे. हा मुलूख १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत होता. पुढे तो मध्य प्रांतात, १९५६ साली मध्य प्रदेशात आणि १ नोव्हेंबर २००० पासून नव्या छत्तीसगढ राज्यात आला. राज्ये बदलली, तरी सोने पारखण्याची रीत दीर्घकाळ एकच राहिली. सराफ दागिना काळ्याभोर दगडावर घाशी, उमटलेल्या रेघेशेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची दुसरी रेघ ओढी आणि दोहोंवर तेजाबाचा थेंब सोडून कोणती रेघ टिकते व कोणती फिकी पडते हे पाही. हा दगड म्हणजेच कसोटी. ‘कस लागणे’, ‘कसोटीला उतरणे’ हे मराठीतील प्रयोग या परीक्षेतूनच आलेले आहेत.

या परीक्षेचा एक गुण विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत होते. त्याला रसायनशास्त्र अवगत नसले तरी अडत नाही. शंका आलीच, तर दागिना उचलून त्याला शेजारच्या पेढीवर जाता येते, कारण तेथेही तसाच दगड असतो आणि त्या दगडावर कोणा एकाची मालकी नसते.

१६ जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांवर भारतीय मानक ब्यूरोची हॉलमार्क ही खूण बंधनकारक करण्यास प्रारंभ झाला. आता दागिन्यावर ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि अक्षरे व अंक मिळून सहा चिन्हांचा एक स्वतंत्र क्रमांक कोरलेला असतो. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये घातला, म्हणजे दागिना कोणत्या नोंदणीकृत सराफाने तपासून घेतला, तपासणी कोणत्या केंद्रात झाली आणि शुद्धता किती भरली, हे पडद्यावर दिसते. परीक्षा पूर्वीपेक्षा नेमकी झाली यात शंका नाही. मात्र त्याचबरोबर ती दगडावरून उठून फोनमध्ये गेली. हे ॲप अँड्रॉइड आणि आयओएस या दोन संचालन-प्रणालींसाठी बनविलेले आहे. ज्या बाईच्या हाती बटणांचा साधा फोन आहे, तिला दुसऱ्या कोणाचा फोन मागून घ्यावा लागतो. ज्याच्या हाती या दोहोंपैकी एखादा फोन आहे, त्याच्यापुढेही एक प्रश्न उरतोच. सोन्याविषयी ग्वाही देणाऱ्या या यंत्राचा कस कोणी पाहिला? ते यंत्र कोणाच्या आज्ञेत आहे : ज्याने ते विकत घेतले त्याच्या, की ज्याने ते घडविले त्याच्या?

संचालन-प्रणाली म्हणजे काय?

संगणकाला किंवा फोनला स्वतःची अशी बुद्धी नसते. त्यातील गणनाचिप, स्मृती, पडदा, कळफलक, ध्वनिवर्धक व रेडिओ हे सर्व भाग एकमेकांशी बोलावयास लावणारी एक मुख्य आज्ञावली असते; तिलाच संचालन-प्रणाली म्हणतात. हिशेब ठेवणारी, पत्र लिहिणारी, छायाचित्र काढणारी अशी जी इतर आज्ञावली आपण वापरतो, तिला स्मृतीचा तुकडा हवा असो की पडद्यावर एक अक्षर उमटवावयाचे असो, या प्रणालीपुढेच मागणी करावी लागते. कोणत्या ॲपला छायाचित्रे पाहू द्यावयाची, कोणते ॲप बसवू द्यावयाचे, कोणती माहिती बाहेर पाठवावयाची, याचा अखेरचा निर्णय तिच्या हाती असतो. पेढीवरील मुनिमाशी तिची तुलना करता येईल. मात्र पेढीचा मुनीम बदलणे मालकाच्या हाती असते. या मुनिमाच्या बाबतीत तसे नेहमीच असते असे नाही.

प्रणाली लिहिणारे अभियंते ती माणसाला वाचता येईल अशा संगणकीय भाषेत लिहितात. या लेखनास मूळ आज्ञावली किंवा सोर्स कोड म्हणतात. यंत्राला ती थेट समजत नाही; म्हणून तिचे रूपांतर शून्य आणि एक या आकड्यांच्या प्रचंड रांगेत केले जाते. गिऱ्हाइकाच्या हाती बहुधा ही आकड्यांची रांगच पडते. तिच्यावरून मूळ लेखन पुन्हा उभे करणे हे वितळवलेल्या लगडीवरून मूळ दागिन्याची नक्षी ओळखण्याइतके कठीण आहे. लिनक्स नावाच्या प्रणालीच्या केवळ गाभ्यातच आज तीन कोटींहून अधिक ओळी आहेत, एवढे सांगितले म्हणजे या कामाची व्याप्ती कळेल. तेव्हा मूळ आज्ञावली ज्याच्यापाशी आहे, त्यालाच प्रणाली वाचता, तपासता व सुधारता येते. इतरांनी ती जशी आहे तशी वापरावयाची.

वाद कसा उपस्थित झाला

आरंभी हा भेद कोणाला जाणवत नव्हता. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली रचण्यास सुरुवात केली. या प्रयोगशाळेची मालक असलेली दूरध्वनी कंपनी १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीने बांधली गेली होती आणि दूरध्वनीखेरीज अन्य व्यापार करण्यास तिला मज्जाव होता. त्यामुळे युनिक्स विद्यापीठांना अल्प मोबदल्यात, मूळ आज्ञावलीसह मिळत गेली. विद्यार्थी ती वाचत, चुका शोधीत, दुरुस्त्या परत पाठवीत. १९८४ साली त्या कंपनीचे विभाजन होऊन हे बंधन सुटले आणि युनिक्स हा विक्रीचा माल झाला.

याच सुमारास मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत घडलेला एक लहानसा प्रसंग पुढे फार महत्त्वाचा ठरला. तेथील प्रयोगशाळेस भेट म्हणून एक नवे मुद्रणयंत्र मिळाले होते. त्यात कागद वारंवार अडके, आणि यंत्र दुसऱ्या मजल्यावर असल्याने ते कोणास कळत नसे. जुन्या यंत्राच्या बाबतीत रिचर्ड स्टॉलमन या तरुण आज्ञावलीकाराने मूळ आज्ञावलीत फेरफार करून कागद अडकल्याचा निरोप प्रत्येकाच्या पडद्यावर धाडण्याची सोय केली होती. नव्या यंत्राची मूळ आज्ञावली मात्र त्यास मिळेना. ज्याच्यापाशी ती होती, त्याने ती कोणास न देण्याचा करार केलेला होता. कागद अडकण्यासारखी क्षुल्लक गोष्ट. परंतु आपल्याच खोलीतील यंत्र दुरुस्त करण्याची बुद्धी असून मुभा नाही, हा अनुभव स्टॉलमनच्या मनाला लागला. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्याने जीएनयू या नावाने सर्वस्वी मुक्त अशी प्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला, आणि १९८९ साली ‘जनरल पब्लिक लायसन्स’, संक्षेपाने जीपीएल, हा परवाना तयार केला.

या विचारसरणीनुसार आज्ञावली मुक्त ठरण्यास वापरणाऱ्याला चार मुभा असाव्या लागतात. ती कोणत्याही कामासाठी चालविता आली पाहिजे. ती कशी चालते हे अभ्यासून तीत बदल करता आला पाहिजे. तिच्या प्रती इतरांस देता आल्या पाहिजेत. आणि सुधारलेली प्रतही वाटता आली पाहिजे. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ असे दोन्ही अर्थ निघत असल्यामुळे त्या भाषेत या विषयावर बराच गोंधळ माजला. मराठी वाचकाला ही अडचण पडू नये. फुकट मिळालेली वस्तू बंदिस्त असू शकते, आणि मुक्त वस्तूची किंमत घेण्यास कोणाची आडकाठी नाही.

जीएनयूचे बरेचसे भाग तयार झाले, तरी प्रणालीचा गाभा अपुरा होता. तो हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने पुरविला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने आपल्या कामाची वार्ता दिली आणि १९९२ साली ते जीपीएलखाली आणले. हाच लिनक्स.

टेबलावरील संगणक

दुकानांत व कचेऱ्यांत सर्वाधिक आढळणारी प्रणाली म्हणजे मायक्रोसॉफ्टची विंडोज. तिची मूळ आज्ञावली सर्वसामान्यांस खुली नाही. परवान्यान्वये गिऱ्हाईक ती केवळ वापरतो. तरीदेखील विंडोजवर कोणाचीही आज्ञावली कोणाची अनुज्ञा न घेता बसविता येते, आणि तोच संगणक पुसून त्यावर दुसरी प्रणाली चढविणेही बहुधा शक्य असते. बंद प्रणालीतही स्वातंत्र्याच्या पायऱ्या असतात हे यावरून ध्यानात येईल. ॲपल कंपनीच्या मॅकओएसचा डार्विन नावाचा पाया मूळ आज्ञावलीसह प्रसिद्ध केलेला आहे. वरची इमारत मात्र बंद असून परवान्याप्रमाणे ती ॲपलच्याच यंत्रावर चालवावी लागते. पाया पाहावयास मोकळा आणि दिवाणखान्यास कुलूप, असा हा प्रकार.

लिनक्सवर आधारलेल्या प्रणाली अनेक आहेत : १९९३ मधील डेबियन, २००४ मधील उबुंटू, आणि भारत सरकारच्या सी-डॅक संस्थेने २००७ साली आणलेली बॉस. केरळ राज्यातील शाळांमध्ये संगणकशिक्षण गेली अनेक वर्षे मुक्त प्रणालीवरच दिले जाते. या प्रणाली घेणाऱ्याला वर सांगितलेल्या चारही मुभा मिळतात.

मग पेठेतील प्रत्येक दुकानदार लिनक्स का घेत नाही? याचे कारण प्रणालीत नसून तिच्यावर चालणाऱ्या मालात आहे. हिशेबासाठी घरोघरी पोचलेली टॅली विंडोजसाठी लिहिलेली आहे. दुकानदाराचा मुनीम तीत तरबेज असतो, सनदी लेखापालाला तीच हवी असते, आणि वर्षानुवर्षांच्या खतावण्या तीतच साठलेल्या असतात. असा मनुष्य विंडोज ‘निवडतो’ असे म्हणणे शब्दशः खरे असले तरी पुरते खरे नाही. त्याचे पाय आधीच अडकलेले असतात.

या अडकण्याची किंमत मधूनमधून दिसून येते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० साठी नियमित सुरक्षा-दुरुस्त्या देणे थांबविले आणि वाढीव मुदतीची एक मर्यादित सोय तेवढी ठेवली. पुढील विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाचा सुरक्षाघटक आणि बऱ्यापैकी अलीकडची गणनाचिप लागते. परिणामी, उत्तम चालणारी कित्येक यंत्रे कंपनीच्या हिशेबी बाद झाली. त्याच यंत्रांवर लिनक्स आजही चालतो. कोणते यंत्र केव्हा म्हातारे झाले हे ठरविण्याचा अधिकार एका पक्षी विक्रेत्याकडे राहतो आणि दुसऱ्या पक्षी मालकाकडे.

खिशातील संगणक

फोनच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे, आणि पुष्कळांची दिशाभूल होते ती येथेच.

ॲपलचा आयफोन २००७ साली आला, आणि त्याचे ॲपांचे दुकान २००८ साली उघडले. भारतात सर्वसाधारण गिऱ्हाइकाला आयफोनवर ॲप घ्यावयाचे तर ते या एकाच दुकानातून घ्यावे लागते. युरोपीय संघाने कायदा केल्यामुळे मार्च २०२४ पासून तेथे अन्य दुकानांनाही वाट मिळाली. यंत्र तेच, प्रणाली तीच. समुद्रापलीकडील मालकाला जे करता येते ते रायपूरच्या मालकाला करता येत नाही. अडथळा तांत्रिक नसून परवानगीचा आहे, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

अँड्रॉइडची गोष्ट निराळी. तिचा गाभा लिनक्सचा असून जीपीएलखाली आहे. गाभ्यावरील बराचसा भागही मूळ आज्ञावलीसह मोकळा आहे. म्हणून अँड्रॉइड ‘खुली’ असे सर्रास सांगितले जाते, आणि ते खोटेही नाही. परंतु दुकानात मिळणाऱ्या बहुतेक फोनांमध्ये या मोकळ्या भागावर गूगलच्या सेवांचा एक बंद थर असतो : ॲपांचे दुकान, नकाशे, निरोप पोचविण्याची यंत्रणा वगैरे. कित्येक ॲपे या थरावाचून लंगडी पडतात. त्याखाली आणखी एक कुलूप असते. फोन सुरू होताना पहिली धावणारी जी छोटी आज्ञावली, तिला बूटलोडर म्हणतात. निर्मात्याने ती बंद ठेवली असेल, तर तिच्या पसंतीची मोहोर नसलेली कोणतीही प्रणाली ती चालू देत नाही. मग मूळ आज्ञावली जगभर उपलब्ध असली तरी या विशिष्ट फोनवर तिचा काय उपयोग? दागिन्याची नक्षी कागदावर दिली, पण सोनाराच्या भट्टीला कुलूप घातले, अशी ही स्थिती होते. २००७ साली जीपीएलची तिसरी आवृत्ती निघाली ती मुख्यतः हा प्रकार थांबविण्यासाठी. लिनक्सचा गाभा मात्र दुसऱ्याच आवृत्तीखाली राहिला.

ज्यांच्या फोनचा बूटलोडर उघडतो, त्यांना लिनिएजओएससारखी स्वयंसेवकांनी राखलेली अँड्रॉइड चढविता येते आणि निर्मात्याने वाऱ्यावर सोडलेला फोन पुढे काही वर्षे वापरता येतो. याची किंमतही मोजावी लागते. बँकांची काही ॲपे बदललेल्या फोनवर चालण्यास नकार देतात.

भारतात हा प्रश्न कायद्यापुढेही गेला. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या संदर्भात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. फोन बनविणाऱ्यांना ॲपांचे दुकान हवे असेल तर त्याबरोबर इतर ॲपांचा संपूर्ण संचही घ्यावा लागे, हा आयोगाच्या मुख्य आक्षेपांपैकी एक होता. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने भारतापुरते काही नियम बदलण्याचे जाहीर केले. ॲपे सुटी घेण्याची निर्मात्यांना मुभा आणि शोधयंत्र निवडण्याची वापरणाऱ्याला मुभा हे त्यांतील प्रमुख बदल. २९ मार्च २०२३ रोजी अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, तथापि आयोगाचे काही निर्देश रद्द केले.

साध्या बटणांच्या फोनांतही संचालन-प्रणाली असते. २०१७ साली आलेला आणि खेडोपाडी पोचलेला जिओफोन कायओएस या प्रणालीवर चाले. ही प्रणाली मोझिला संस्थेच्या फायरफॉक्स ओएस या मुक्त प्रणालीपासून निघालेली आहे. बाप मुक्त, आणि मुलगा? त्यावर काय बसवावयाचे याची निवड फोनमधील एका लहानशा दुकानापुरती होती. व्हॉट्सॲपदेखील २०१८ साली कंपन्यांनी व्यवस्था केल्यावरच तेथे आले. तेव्हा प्रणालीचे कूळ पाहून तिच्या मोकळेपणाचा निर्णय करणे हे नावावरून सोन्याचा कस ठरविण्यासारखे आहे.

छत्तीसगढपुरते एक उदाहरण येथे नोंदविले पाहिजे. २०१८ साली राज्य शासनाने संचार क्रांती योजनेखाली महिलांना आणि विद्यार्थ्यांना अँड्रॉइड फोन विनामूल्य वाटण्यास आरंभ केला. पन्नास लाखांच्या घरात फोन देण्याचा तो संकल्प होता. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकार बदलल्यावर ते वाटप थांबले. ज्या घरांत पूर्वी असे यंत्र नव्हते, तेथे ते प्रथमच गेले, हा लाभ कमी नाही. परंतु अशा प्रत्येक वाटपाच्या वेळी विचारावयाचा प्रश्न निराळा असतो : या फोनच्या सुरक्षा-दुरुस्त्या किती वर्षे येतील, आणि त्या थांबल्यावर दुसऱ्या कोणास त्या करून देता याव्यात अशी मोकळीक खरेदीच्या करारात ठेवली आहे काय? लाखो फोन एकगठ्ठा घेणाऱ्या शासनाला असे कलम घालून घेणे शक्य असते. एकट्या गिऱ्हाइकाला ते शक्य नसते.

भाषेची कसोटी

मूळ आज्ञावली मोकळी असण्याचा सामान्य माणसाला काय उपयोग, तो थोडाच ती वाचावयास बसणार आहे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. याचे उत्तर छत्तीसगढी भाषेने दिलेले आहे.

२०११ च्या जनगणनेत छत्तीसगढी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे १ कोटी ६२ लाख होती. जनगणना तिची गणना हिंदीच्या पोटात करते. संगणक विकणाऱ्या कंपन्यांच्या हिशेबातही ती स्वतंत्र बाजारपेठ नव्हती. विंडोजच्या भाषांच्या यादीत तिला स्थान मिळाले नाही. केडीई हा लिनक्सवर वापरला जाणारा मुक्त पडदा-परिसर आहे. त्यातील ‘उघडा’, ‘जतन करा’, ‘पुसून टाका’ यांसारखी सहस्रावधी लहानमोठी वाक्ये मूळ आज्ञावलीपासून वेगळी काढून ठेवलेली असतात, आणि ती कोणीही आपल्या भाषेत लिहू शकतो. रवि रतलामी या नावाने परिचित असलेले रविशंकर श्रीवास्तव आणि त्यांचे सहकारी यांनी हे काम हाती घेतले, आणि २००९ च्या सुमारास केडीई छत्तीसगढीत वापरता येऊ लागले. त्यासाठी कोणा कंपनीकडे अर्ज करावा लागला नाही, किती संगणक खपतील याचा अंदाज द्यावा लागला नाही. भाषांतर चार माणसे करतात. मुभा आहे म्हणून ती करतात, आणि वापरणाऱ्याला आज्ञावलीची एक ओळही वाचावी लागत नाही.

मराठीचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. विंडोज २००० पासून देवनागरीसाठी मायक्रोसॉफ्टने दिलेला ‘मंगल’ हा टंक सांगलीकडचे सुलेखनकार व कवी र. कृ. जोशी यांच्या हातचा. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रासाठी, म्हणजे पुढे सी-डॅकमध्ये विलीन झालेल्या संस्थेसाठी, त्यांनीच ‘रघु’ हा देवनागरी टंक रचला आणि तो जीपीएलखाली प्रसिद्ध झाला. हात एकच, लिपी एकच. मंगल घेणारा तो केवळ वापरू शकतो. रघु घेणाऱ्याला त्यातील अक्षर बदलून पुन्हा वाटताही येते. मराठी वाचकाच्या सवयीचे ल आणि श हिंदी वळणाच्या ल-श पेक्षा वेगळे आहेत हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या मुभेचे मोल सांगावयास नको.

‘ॲ’ या अक्षराची कथा अशीच. मराठीला नित्य लागणारे हे अक्षर युनिकोडच्या सांकेतिक तक्त्यात २००८ साली स्वतंत्र स्थान मिळवून दाखल झाले. त्यापूर्वीच्या टंकांत ते नव्हते, त्यामुळे जुन्या यंत्रांवर त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसे. लिनक्सच्या संगणकावर नवा टंक घालणे हे दोन मिनिटांचे काम. विंडोजवरही ते जमे. कुलूपबंद जुन्या फोनवर मात्र निर्माता दुरुस्ती धाडील तेव्हा धाडील, तोवर चौकोनच वाचावयाचा.

कुलूप आणि किल्ली

बंद प्रणालीच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते डावलून चालणार नाही. एकाच दुकानातून ॲपे येतात तेव्हा फसवी ॲपे काही अंशी गाळली जातात. अनोळखी माणसाने निरोपातून धाडलेले ॲप बसवून बँकेतील ठेव गमावलेल्यांच्या तक्रारी आज कोणत्याही शहराच्या पोलीस ठाण्यात ऐकावयास मिळतात. अशा माणसाला स्वातंत्र्यापेक्षा आडकाठीच हितकारक झाली असती, असे कोणी म्हटले तर त्यात तथ्य आहे. याच कारणास्तव ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने अँड्रॉइडवरील ॲपांच्या कर्त्यांची ओळख पटवून घेण्याचा नियम जाहीर केला; त्यावर मुक्त ॲपे बनविणाऱ्यांनी हरकत घेतल्यावर जाणत्या वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवू, असेही नोव्हेंबरमध्ये सांगितले.

मात्र कुलूप लावणे आणि यंत्राची रचना गुप्त ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १८८३ साली ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने सांकेतिक लेखनाविषयी लिहिताना असे तत्त्व मांडले, की रचना शत्रूच्या हाती पडली तरी किल्ली गुप्त असेतो संकेत सुरक्षित राहिला पाहिजे. सराफाची तिजोरी कशी बनते हे तिजोरीवाल्याला ठाऊक असतेच; त्याने सोने चोरीस जात नाही. प्रश्न असतो तो किल्ली कोणाच्या कमरेला आहे हा. फोनला कुलूप असावे, परंतु किल्ली मालकापाशी असावी, ही व्यवस्था तंत्रदृष्ट्या अशक्य नाही. गूगलचेच पिक्सेल फोन बूटलोडर उघडू देतात आणि त्यावर ग्राफीनओएस ही सुरक्षेवर भर देणारी मुक्त प्रणाली चढवून तो पुन्हा बंद करता येतो.

मूळ आज्ञावली उघडी असली की दोष आपोआप सापडतात, ही समजूतही भोळेपणाची आहे. ओपनएसएसएल या जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्त आज्ञावलीतील ‘हार्टब्लीड’ नावाचे छिद्र सुमारे दोन वर्षे सर्वांच्या नजरेसमोर होते. ते उघडकीस आले २०१४ साली. पाहण्याची मुभा असली तरी पाहणारा लागतोच, आणि त्याचे पोट भरण्याची सोयही लागते. याउलट मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्या मुक्त आज्ञावलीत कोणी हेतुपुरस्सर चोरवाट घुसविल्याचे आढळले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ प्रवेशास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले, आणि तेवढ्या धाग्यावरून तो मूळ आज्ञावलीपर्यंत पोचला. बंद प्रणालीत त्याला अर्धा सेकंद जाणवला असता. पुढे जाण्याची वाट मिळाली नसती.

हातातील फोन कसा तपासावा

सदर बाजारात दागिन्यावरील सहा चिन्हे फोनमध्ये घालणाऱ्या गिऱ्हाइकाला तोच फोन थोडासा पारखून पाहता येतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ असा भाग असतो. तेथे सुरक्षा-दुरुस्तीची तारीख दिलेली असते. ती वर्षापूर्वीची असेल तर निर्मात्याने बहुधा या फोनचा नाद सोडला आहे. फोन घेण्यापूर्वी विचारावयाच्या गोष्टी दोन : दुरुस्त्या किती वर्षे मिळतील, आणि बूटलोडर मालकाला उघडता येतो काय. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याला क्वचितच ठाऊक असते, पण निर्मात्याच्या सूचनांत ते सापडते.

त्याच सेटिंग्जमध्ये ‘कायदेविषयक माहिती’ या मथळ्याखाली परवान्यांची एक लांबलचक यादी असते. आयफोनमध्येही तशी आहे. मजकूर इंग्रजीत असतो आणि बोटाने कितीही सरकवला तरी संपत नाही. अँड्रॉइडच्या यादीत शोधल्यास जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीचा मजकूर आढळतो. त्याचे तिसरे कलम असे, की ज्याने ही आज्ञावली यंत्ररूपात दिली, त्याने तिची मूळ प्रतही सोबत द्यावी. नाही तर निदान तीन वर्षे मुदतीचे लेखी वचन द्यावे, की कोणीही मागितल्यास प्रत काढण्याच्या खर्चापेक्षा अधिक न घेता ती पुरवली जाईल.